दुसरा ब्रेक

माझ्या गाडीत ब्रेक दोन.
एक शिकणाऱ्याच्या पायाखाली,
एक माझ्या.
सव्वीस वर्षं मी उजवीकडे बसते,
हात मांडीवर, नजर त्याच्या नजरेच्या थोडी पुढे,
आणि हा मेला पाय कधी झोपतच नाही.
घरी सोफ्यावर बसून टीव्ही बघतानाही
कुणी वळणावर जोरात आलं
की गालिचा दाबला जातो.

कुह्मो. फेब्रुवारी. उणे एकोणीस.
आज ओइवा. वय सतरा आणि दोन महिने.
बाराव्या वर्षापासून बापाचा ट्रॅक्टर हाणतोय,
गोठलेल्या तळ्यावर भंगारातली साब फिरवतो.
पहिल्याच दिवशी म्हणाला,
"मला येतं सगळं, मेर्या. तुम्ही फक्त सही करा."
येतं. खरंच येतं.
क्लच असा सोडतो की दुधावरची साय मोडू नये.
मला धास्ती त्याचीच आहे.

गावाबाहेर घसरणीचा ट्रॅक.
बर्फावर पाणी मारून काच केलेली,
मधोमध फोमचा एल्क.
त्याचं एक शिंग कुणीतरी नोव्हेंबरात उडवलं,
तेव्हापासून तो जरा विचारात पडल्यासारखा दिसतो.

"चाळीसनं ये. खांबापाशी ब्रेक."
आला. दाबला.
गाडी थरथरत थरथरत
एल्कच्या नाकापासून वीतभर अलीकडे उभी.
"बघितलंत?"
बघितलं.

"आता पन्नासनं. खांब तोच."
"दहानं काय होतंय!"
एल्क हवेत गेला,
टपावर आपटला, मागे पडला
उरलेल्या शिंगासकट.
माझा पाय माझ्या ब्रेकवर होता, पूर्ण खाली.
दोन ब्रेक होते, ओइवा. दोन.

"त्याला धडकलास तेव्हा वेग किती होता?"
"पाच? दहा?"
"तीस."
चाळीसवाला जिथे थांबून हसतो
तिथे पन्नासवाल्याचे अजून तीस शिल्लक असतात.
त्याला पटेना. हातमोजा दातात धरून
फोनवर गणित केलं. पुन्हा केलं.
मग न सांगता खाली उतरला,
एल्कला उभं केलं
आणि त्याच्या पाठीवरचा बर्फ झटकला.

पुढच्या वेळी मी त्याचे तीन दोस्त मागे बसवले,
म्हटलं, गाणं लावा, हवं ते बोला.
चाळीस सांगितलं होतं. काटा सत्तेचाळीसवर.
आणि खरं सांगते, त्याला ते कळलंही नव्हतं.

परतताना पेट्रोल पंपावर थांबते मी नेहमी.
काउंटरवर सामुली असतो, डावा पाय ओढत चालतो.
बारा वर्षांपूर्वी माझाच विद्यार्थी.
त्या वर्षी बर्फ उशिरा पडला,
घसरणीचा तास राहून गेला,
परीक्षेची तारीख गेली असती म्हणून
मी सही केली.
शेजारच्या सीटवर कोण होतं
ते गावात कुणी मोठ्यानं म्हणत नाही.
तोही काही म्हणत नाही.
कॉफीच्या पेल्यावर झाकण नीट बसलंय का
ते अंगठ्यानं दोनदा दाबून बघतो,
मग देतो.

मेमध्ये ओइवा पास झाला.
जुनी निळी साब, धुतलेली,
उजवीकडच्या सीटवर त्याची बहीण साइमी,
आणि तिच्या पायाखाली
नुसता रबराचा गालिचा.

मी फाटकात उभी.
चौकाच्या दिशेनं गेला तो, रस्ता मोकळा,
पलीकडून एक दुधाचा ट्रक, अजून लांब.
माझा पाय जमिनीत रुतत होता
आणि तेवढ्यात त्याचे मागचे दिवे लागले,
लाल,
लागायला हवे होते त्याच्या जरासे आधीच.